दोन ग्रॅम गर्द, एक खाट आणि कलम ६४-अ

अशील अठ्ठावीस वर्षांचा, मूळचा जालना जिल्ह्यातला. गेली काही वर्षं वाशीच्या घाऊक बाजारात हमाली करणारा. एका शुक्रवारी संध्याकाळी बाजारामागच्या भिंतीशी पन्नी, काडेपेटी आणि दोन ग्रॅमच्या आसपास गर्द (हेरॉइनचाच भेसळीचा प्रकार) यांसह पकडला गेला. एफआयआरमध्ये एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याची कलमं ८(क), २१(अ) (अल्प प्रमाण जवळ बाळगणं) आणि २७(अ) (सेवन). जामीन राहायला कुणी नाही, मोबाइल जप्त, आधार कार्ड एका लॉजवर राहिलेलं, आणि ते लॉज कुठलं हेही त्याला नीट आठवत नव्हतं.

मी वकिलांच्या बाजूने अशा आरोपींच्या व्यसनाची तपासणी करते. ही गोष्ट त्याच कायद्यातल्या कलम ६४-अची, म्हणजे उपचार घेणाऱ्या व्यसनी आरोपीला खटल्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एकमेकांसारख्या काही प्रकरणांतले प्रसंग इथे एकाच माणसावर बेतले आहेत. कायद्याचा आणि औषधोपचाराचा भाग मात्र आहे तसाच ठेवला आहे.

हेरॉइनच्या बाबतीत पाच ग्रॅमपर्यंतचं प्रमाण कायद्याने ‘अल्प’ धरलं आहे, व्यापारी प्रमाण २५० ग्रॅमपासून पुढे. म्हणजे हा अगदी खालच्या पायरीवरचा आरोपी. २१(अ)ला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, २७(अ)ला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२० साली एका गाजलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र असल्याचं म्हटलं. त्यामुळे पोलीस ठाण्यातून सुटण्याचा मार्ग नाही, न्यायालयात अर्ज करावाच लागतो. कलम ३७च्या जामिनाबाबतच्या जाचक अटी मात्र अल्प प्रमाणाला लागत नाहीत, म्हणून जामीन मिळणं अवघड नसतं. अवघड असतं ते जामिनाचे पैसे आणि जामीनदार उभा करणं.

शनिवारचा रिमांड

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या न्यायालयात त्याला उभं केलं तेव्हा त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, सारख्या जांभया येत होत्या, अंगावर काटा आलेला होता. सोबतचा हवालदार म्हणाला, सर्दी झालीये. सर्दी नव्हती, टर्की होती, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास. गर्दचा शेवटचा दम मारल्यावर आठ-बारा तासांत ती सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते. पोटात मुरडा, जुलाब, उलट्या, हाडं कुणी पिळतंय असं दुखणं, झोप नाही. आठवड्याभरात बरीचशी ओसरते. एरवी धडधाकट असलेला माणूस नुसत्या गर्दच्या टर्कीने सहसा मरत नाही, पण उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी आटलं तर तेही घडू शकतं.

अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी झालेली होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३नुसार ती करावीच लागते. चिठ्ठीवर ‘अंगावर ताजी जखम नाही’ एवढंच. ही तपासणी मुळात कोठडीत मारहाण झाली का हे पाहण्यासाठी रुळलेली आहे. नशा उतरताना माणसाचं काय होईल, हा प्रश्न त्या चिठ्ठीच्या छापील नमुन्यात बसतच नाही.

आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातल्या वकिलांनी त्याचं वकीलपत्र घेतलं. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. महाराष्ट्रातली तीन लाखांची मर्यादा बाहेरच्या अर्जदारांसाठी आहे. तरीही दाखला मागणारे भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

अशिलाचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. “साहेब, कबूल करतो, आजच सोडवा.” अजून आरोपपत्रही यायचं होतं, त्यामुळे त्या दिवशी कबुलीला अर्थ नव्हता. पण त्या अवस्थेतला माणूस कशावरही अंगठा देतो, हे वकिलांना ठाऊक होतं. त्यांनी एकच गोष्ट मागितली: तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने अशिलाची नशा उतरण्याच्या त्रासासाठी तपासणी करून औषधोपचार करावेत, असं एक वाक्य रिमांडच्या आदेशात. ते मिळालं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरलेलं वाक्य तेच.

कबुली स्वस्त का वाटते

सेवनाच्या प्रकरणांत कबुली हा मळलेला रस्ता आहे. आरोपपत्र येतं, आरोपी गुन्हा कबूल करतो, न्यायालय उठेपर्यंतची कैद किंवा भोगली तेवढी कैद आणि दंड, की संध्याकाळी घरी. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीच्या अभ्यासकांनी मुंबईतली २०१७ आणि २०१८मधली शिक्षा झालेली दहा हजारांहून अधिक एनडीपीएस प्रकरणं तपासली, तेव्हा जवळपास सगळीच सेवनाची निघाली. त्यांतले बहुतेक रस्त्यावर किंवा झोपडपट्टीत राहणारे.

दंड भरून सुटलेल्या माणसाच्या नावावर दोषसिद्धी राहते. कलम ३१प्रमाणे पुढच्या वेळी शिक्षेची कमाल मर्यादा दीडपट होते. आणि तो जातो कुठे? त्याच भिंतीशी. कोठडीत गेलेल्या दिवसांत शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वीचाच डोस आता झेपत नाही. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे अतिमात्रेने मृत्यू येण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. दंडाच्या पावतीवर हे कुठे लिहिलेलं नसतं.

दुसरा रस्ता कायद्यातच आहे. कलम ६४-अ म्हणतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालणार नाही. उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येतं. गुन्हा आधी कबूल करा, अशी अट कुठेही नाही. २००१ साली कोकेन प्रकरणात अटक झालेल्या एका हिंदी अभिनेत्याला महापालिकेच्या रुग्णालयात उपचार घेतल्यावर २०१२मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने याच कलमाखाली मोकळं केलं. कलम तेच, पण ते वापरायला पाठपुरावा करणारा वकील, रुग्णालयातले कागद आणि काही वर्षं तारखा झेलण्याची ऐपत लागते. बाजारातल्या हमालाकडे यातलं पहिलंच नसतं.

कलम ३९ही आहे. दोषी ठरल्यावर न्यायालय शिक्षा सुनावण्याऐवजी, आरोपीच्या संमतीने, त्याला बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकतं आणि एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल मागू शकतं. तो पाहून समज देऊन सोडण्याची मुभाही आहे. ६४-अ जमलं नाही तर हा आधार. परिवीक्षेचं, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचं, गणित मात्र विचित्र आहे. कलम ३३मुळे प्रौढ आरोपीला परिवीक्षा कायद्याचा फायदा २७मध्ये मिळू शकतो, २१(अ)मध्ये नाही. पुडी खिशात सापडली की परिवीक्षा बंद, तीच ओढून झालेली असेल तर खुली. आमच्या अशिलावर दोन्ही कलमं होती.

मुलाखत

कलम ६४-अ फक्त ‘व्यसनी’साठी आहे आणि कायद्याच्या व्याख्येत व्यसनी म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेला. कधीमधी ओढणारा त्यात बसत नाही. म्हणून तपासणी महत्त्वाची. न्यायालयाच्या आवारात तपासणी म्हटलं की सगळ्यांना लघवीची पट्टी आठवते. पट्टी सांगते की गेल्या दोन-तीन दिवसांत अफूजन्य पदार्थ शरीरात गेला. अवलंबित्व ती सांगू शकत नाही. ते माणसाच्या हकिगतीत असतं.

मंगळवारी तुरुंगाच्या मुलाखतीच्या खोलीत मी त्याला भेटले. सुरुवातीलाच सांगितलं की मी पोलिसांची नाही, न्यायालयाचीही नाही, वकिलांच्या बाजूची आहे, आणि माल कुणाकडून घेतोस हे मला सांगू नकोस. बरेच सहकारी हे शेवटी सांगतात. माझा आग्रह आहे की पहिल्या मिनिटात सांगावं. माणूस एकदा बोलू लागला की थांबत नाही आणि जे ऐकलं ते न ऐकल्यासारखं करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ ही प्रश्नावली वापरली. ती कंटाळवाणी आहे. तंबाखू, दारू, गांजा, कोकेन, उत्तेजकं, हुंगायची द्रव्यं, झोपेच्या गोळ्या, भ्रम आणणारे पदार्थ, अफूजन्य पदार्थ, एकेकाचं नाव घेऊन तेच प्रश्न पुन्हा. गर्दचे गुण तेहतीस आले. सत्तावीस आणि त्यापुढे म्हणजे अवलंबित्वाची दाट शक्यता. हे अपेक्षितच होतं. मला आठवतो तो पुढचा प्रश्न.

“झोपेच्या गोळ्या?”

“नाय मॅडम.”

“नायट्राझेपाम? बटण?”

“बटण व्हय. ती काय नशा नाय. रातच्याला झोप लागत नाय म्हणून घेतो चार-पाच.”

“रोज?”

“दोन वर्षं झाली.”

मग कधी गोळ्या मिळाल्या नाहीत तेव्हा काय झालं, असं विचारल्यावर तो म्हणाला, “एकदा बाजारात पडलो होतो. तोंडाला फेस आला. लोक म्हणले मिरगी.”

इथे प्रकरणाची दिशा बदलली. गर्दची टर्की मंगळवारी उतरणीला लागली होती. तुरुंगातही सगळ्यांना वाटत होतं, आता सुटला. पण नायट्राझेपामसारख्या गोळ्या रोज घेणाऱ्याने एकदम बंद केल्या की फिट येऊ शकते, आणि ती काही दिवसांनी, कधी आठवड्याभरानेही येते. पूर्वी एकदा येऊन गेली असेल तर धोका आणखी मोठा. म्हणजे पहिला त्रास ओसरून सगळे निर्धास्त झाल्यावर खरा जीवघेणा टप्पा सुरू होणार होता. त्याच दुपारी तुरुंगाच्या डॉक्टरांना लेखी कळवलं. त्यांनी डायझेपाम, म्हणजे फिट टाळणारं त्याच गटातलं औषध, सुरू केलं.

“काय काय घेतोस?” असा मोकळा प्रश्न विचारून हे कधीच बाहेर आलं नसतं. त्याच्या हिशेबी नशा म्हणजे गर्द, गोळी म्हणजे औषध. म्हणून कंटाळा आला तरी यादी पुरी वाचायची.

अहवाल एका पानाचा केला. कुठला पदार्थ, किती काळ, अवलंबित्वाची कोणती लक्षणं, पूर्वीची फिट, कुठल्या पातळीचे उपचार हवेत, त्याची तयारी आहे का. पुरवठादार, सोबतची माणसं, इतर गुन्हे यांबद्दल अक्षरही नाही. निदानावर सही रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांची होणार होती. माझं पान त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापुरतं. अर्जाचा मसुदा वकिलांनी ‘आरोप अमान्य ठेवून’ असाच केला, म्हणजे उद्या ६४-अ फेटाळलं गेलं तर हाच अर्ज कबुली म्हणून पुढे येऊ नये.

खाट कुठे आहे?

नेहमीच्या पद्धतीने गेलो असतो तर सुटल्यावर त्याला थेट एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं असतं. फिटेचा इतिहास पाहता ते चुकलं असतं. रात्री डॉक्टर नसलेल्या केंद्रात असा माणूस ठेवू नये. आधी सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाचा मनोविकार विभाग, तिथे गोळ्या हळूहळू कमी करायच्या, गर्दची तलफ आणि टर्की रोखण्यासाठी जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिन, आणि ही दोन्ही औषधं एकत्र देताना श्वासावर लक्ष. मग पुनर्वसन.

जवळ एक ओएसटी केंद्र होतं, म्हणजे गर्दऐवजी असं पर्यायी औषध देणारं. नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) ही केंद्रं एचआयव्ही रोखण्यासाठी उभी राहिली, म्हणून सुई टोचणाऱ्यांसाठी आहेत. आमचा अशील पन्नीवर ओढणारा. सुई घेतली असती तर तिथे दार उघडं होतं.

जामिनाच्या वेळी सरकारी वकिलांनी सुचवलं की उपचार पूर्ण करण्याच्या अटीवर जामीन द्यावा. ऐकायला भलं वाटतं. आमच्या वकिलांनी विरोध केला आणि मला तो पटला. व्यसन पुन्हा उसळणं हा या आजाराचा भाग आहे. अट घातली की त्या दिवशी आजारी माणूस फरार आरोपी होतो, आणि तो रुग्णालयाला खरं सांगणं बंद करतो. शिवाय ६४-अला स्वेच्छा हवी, तुरुंगाच्या धाकाने घेतलेल्या सहीत ती कितपत राहते? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती येतात, त्यामुळे भरतीसाठी समजून-उमजून दिलेल्या संमतीचे नियम इथेही लागू होतात. शेवटी जातमुचलक्यावर जामीन झाला, अट फक्त तारखांना हजर राहण्याची. उपचाराचा अर्ज वेगळा, त्याच्या स्वतःच्या सहीचा.

तुरुंगातून सुटका होते संध्याकाळी, ओपीडी असते सकाळी. मधली रात्र कुणाचीच नसते. माझ्या पाहण्यात प्रकरणं फिसकटतात ती बहुधा याच रात्री. त्याची आई एसटीने जालन्याहून आली होती, तुरुंगाच्या दाराशी दुपारपासून बसून होती. मला म्हणाली, “ताई, गावाकडं नेते त्याला, शेतात राबला की सुधरंल.” मी म्हटलं, “मावशी, आधी दवाखाना. वाटेत एसटीत फिट आली तर तुम्ही एकट्या काय करणार?” त्याच रात्री थेट अपघात विभागात गेलो. व्यसनी म्हटल्यावर ‘उद्या ओपीडीला या’ हे उत्तर तयार होतंच. पण चिठ्ठीवर पूर्वीच्या फिटेची नोंद आणि तुरुंगातल्या डायझेपामची मात्रा लिहिलेली पाहून डॉक्टरांनी भरती करून घेतलं.

रुग्णालयात दोन आठवड्यांच्या आत गोळ्या बऱ्याच उतरल्या. मग पुनर्वसन केंद्राची शोधाशोध. एका खासगी केंद्राने मोफत खाट देऊ केली, पण मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी दाखवा म्हटल्यावर विषय बदलला, म्हणून तिथे पाठवलं नाही. दारं बंद करून, साखळीला बांधून ‘सुधारणारी’ ठिकाणं अजून आहेत. साखळी कायद्याने बंद झालेली आहे, हे त्यांना माहीत असतं. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रात मोफत खाट मिळाली, पण आधार कार्ड आणि पालकाची सही हवी. आईचा अंगठा चालला. आधारसाठी पोलीस ठाण्यातून हरवल्याची नोंद, मग नवी प्रत, असं करत आठवडा गेला. तेवढे दिवस रुग्णालयाने खाट ठेवली. हे काही नियमातलं नव्हतं, एका निवासी डॉक्टरचा चांगुलपणा. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर वीस माणसांमागे एकालाच भरती होऊन उपचार मिळाल्याचं आढळलं होतं. आमचा अशील त्या एकात बसला, पण कसाबसा.

केंद्रातून तो नवव्या दिवशी पळाला. तिथे ब्युप्रेनॉर्फिन बंद केली होती. औषधाच्या आधारावर राहणं म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणं, असं तिथल्या मंडळींचं ठाम मत. हे मत आपल्याकडे फार पसरलेलं आहे आणि गर्दच्या बाबतीत ते माणसं मारतं. तो बाजारात गेला, एकदा ओढली, घाबरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून रुग्णालयाच्या ओपीडीत येऊन बसला. केंद्राने परत घ्यायला नकार दिला. मनोविकारतज्ज्ञांनी ब्युप्रेनॉर्फिन पुन्हा सुरू केली आणि सांगितलं, आता हीच योजना, सकाळी येऊन डोस घ्यायचा. सोयाबीन काढणीला आल्यामुळे आई गावी परतली. हमाल टोळीच्या मुकादमाने त्याला डोस घेऊन उशिरा यायची सवलत दिली. आमच्या कुणाच्याही अहवालापेक्षा हे मोलाचं होतं.

‘पूर्ण उपचार’ म्हणजे किती?

६४-अच्या अर्जावर सरकार पक्षाचं म्हणणं आलं: आरोपी केंद्रातून पळाला, उपचार अपूर्ण, सबब संरक्षण देऊ नये. वरवर बिनतोड. पण पूर्ण उपचार म्हणजे किती दिवस, कुठे, कोणत्या पद्धतीने, हे कलमात लिहिलेलं नाही. वकिलांनी रुग्णालयाचं प्रमाणपत्र जोडलं. निदान अफूजन्य पदार्थांवरील अवलंबित्व, देखभाल उपचार चालू, ते दीर्घकाळ चालण्याची शक्यता, मधल्या काळातलं एकदाचं सेवन हा आजाराचा अपेक्षित भाग, रुग्ण ओपीडीत नियमित. युक्तिवाद साधा होता: मधुमेही माणूस इन्सुलिन घेतो म्हणून त्याचे उपचार अपूर्ण आहेत असं कुणी म्हणत नाही. केंद्र अनुदानित असलं तरी ‘मान्यताप्राप्त’ आहे का, यावरही हरकत आली. ती महापालिका रुग्णालयाच्या शिक्क्याने आपोआप पडली. म्हणूनच मी सांगत असते की पुनर्वसन कुठेही होऊ द्या, एक धागा सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात बांधलेला असावा.

न्यायालयाने अर्ज लगेच निकाली काढला नाही. सहा महिन्यांनी अहवाल मागवला. अहवालात दोन गैरहजऱ्या होत्या आणि गोळ्या पूर्ण बंद झालेल्या. तो पाहून खटला पुढे न चालवण्याचा आदेश झाला. उपचार सोडल्यास सरकार पक्षाला अर्ज करता येईल, ही ओळ आदेशात आहे आणि ती असायलाच हवी.

एक गोष्ट उरली. आधार कार्डासाठी पोलीस ठाण्यात गेल्यावर कळलं की दुसऱ्या ठाण्यात त्याच्यावर मोबाइल चोरीचा गुन्हा आहे, अटकेच्या चार महिने आधीचा. चोरीला ६४-अ लागू नाही, ती नशेसाठीच केली होती असं सांगूनही नाही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२)मध्ये नवी तरतूद आहे. चोरीचा माल पाच हजारांहून कमी किमतीचा, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरणारा, आणि माल परत केला किंवा किंमत भरली, तर शिक्षा समाजसेवेची. फोन जुना आहे आणि जप्त होऊन मालकाला परत मिळालेला आहे. ६४-अच्या आदेशामुळे अशिलाच्या नावावर दोषसिद्धी नाही. त्या प्रकरणात गुन्हा कबूल करून दंडावर सुटला असता तर ही तरतूद त्याला लागू झाली नसती.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकील समाजसेवेची शिक्षा मागणार आहेत, आणि सोबत एक विनंती: कामाची वेळ दुपारनंतरची असावी, कारण सकाळी ओपीडीत डोस असतो.